वन्संचा काळा कोट

वन्सं, आधीच सांगते, अक्षर वाईट आहे. चौथीनंतर माझ्या हातात पेन आलं ते ब्लाउजची मापं लिहायलाच. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, जोडाक्षरं तर नक्कीच. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण म्हणून तुम्ही नावं ठेवायचं सोडलं नव्हतं. माझा मापांचा कागद उलटा धरून विचारायचात, "सुमन, हे काय, गुळाकडे मुंग्या निघाल्यात का?" या कागदाला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. माफ करा आणि ऐकून घ्या. हे कोणाला दाखवायचं नाही. तुमचे भाऊ हिंजवडीच्या कंपनीची बस घेऊन गेलेत, घरात कोणी नाही, म्हणून बसले आहे.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला म्हणाला होतात, "तो कोट विकून टाक आणि भिशी मोकळी कर." मी काही बोलले नाही. तुम्ही माझं गप्प बसणं म्हणजे हो धरलंत. नेहमीच धरायचात आणि बहुतेक वेळा ते खरंही असायचं. या वेळी ते हो नव्हतं, वन्सं. तेव्हा सांगता आलं नाही ते आता सांगते.

कोट समोरच खिळ्याला लटकतोय. देव्हाऱ्याकडे चामडं नको म्हणून तुम्हीच तो दाराच्या भिंतीला लावला होता. मी हलवलेला नाही.

तो घरात आला तो दिवस मला नीट आठवतो. तुमची पाठ धरली होती, म्हणून भांड्यांची पाटी मी डोक्यावर घेतली होती आणि हाळी तुम्ही देत होतात. मला ते कधी जमलं नाही. "जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ" असं रस्त्यात ओरडायचं म्हटलं की मी दोन पावलं मागे पडायचे. तुम्ही म्हणायचात, "ओझं तुझं, तोंड माझं. दोघी मिळून एक बाई होते." प्रभात रोडच्या आतल्या गल्लीत एका जुन्या बंगल्यातून बाईंनी आपल्याला हाक मारली. बंगला पाडून इमारत होणार होती आणि बाई आपल्या लेकीकडे राहायला चालल्या होत्या. व्हरांड्यात कपड्यांचा ढीग होता. रेशमी साड्या, शाली, साहेबांचे शर्ट. सगळ्यांच्या वर हा कोट.

तुम्ही तो उचललात. काळं, मऊ चामडं. कॉलर काळ्या सॅटिनची, गळ्यापासून थेट पोटापर्यंत उतरलेली, खिशांवरही सॅटिनची पट्टी. पुढे एकच बटण, तेही सॅटिनने मढवलेलं. तुम्ही तो उलटासुलटा केलात आणि विचारलंत, "बाई, बँडवाल्याचा कोट तुमच्या घरात कसा?"

बाई हसल्या. "अहो, माझा आहे तो. टक्सेडो जॅकेट म्हणतात. मोठ्या मेजवानीला पुरुष घालतात असला कोट. हा मुद्दाम बायकांसाठी केलेला, तोसुद्धा चामड्यात. आमचे हे पॅरिसला होते तेव्हा घेतला. मोठं नाव असलेला शिवणारा होता."

मी तोवर बटण पाहिलं होतं. डावीकडे बटण, उजवीकडे काज. बायकांचाच.

"मग इथे घातलात की नाही?" तुम्ही विचारलंत.

"घातला की, एकदा. एका लग्नाला घालून गेले. सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, रेनकोट घालून आलीस, छत्री विसरलीस का?"

मला हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. "मग?"

"मग काय, कपाटात. आता कपाटही चाललं."

बाईंनी झाकणाच्या मोठ्या कढईकडे बोट केलं. मला वाटलं, आता तुमचं सुरू होणार. या कढईला कमीत कमी दोन जरीच्या साड्या लागतील, तळ बघा किती जाड आहे, वगैरे. तुम्ही कढई उचललीत, पदराने पुसलीत आणि त्यांच्या हातात दिलीत. वर एक डबाही ठेवलात. साड्यांचा सौदा मग वेगळा केलात आणि तिथे मात्र एक इंच सोडला नाहीत.

परत येताना मी विचारलं, "वन्सं, डबा कशाला?"

"तिची सासू बोलली ना तसं. त्याची भरपाई."

"तुम्ही का भरायची?"

"दुसरं कोण आलं होतं का भरायला?"

आपल्या घरात एक नियम होता, तुम्ही सासरहून धंद्याबरोबर आणलेला, तुमच्या सासूपासून चालत आलेला. गाठोड्यातलं अंगावर चढवायचं नाही. चांगलं असेल ते धुऊन, दुरुस्त करून जुन्या बाजारात विकायला, फाटकं असेल ते गॅरेजवाल्यांना पुसायला. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा गाठोड्यातलं स्वेटर थंडीत घातलं होतं. तुम्ही ते माझ्या अंगावरून काढायला लावलंत आणि दुसऱ्या दिवशी नवं आणून दिलंत. "गिऱ्हाइकाच्या दारात त्याचंच कापड घालून गेलीस, की तो तुला भीक घालायला बघतो," म्हणाला होतात. आणि हा कोट मात्र तुम्ही बाजाराच्या गाठोड्यात बांधलाच नाहीत. मी आठवण केली तर म्हणालात, "बघू."

आधी तुम्ही त्याची दशा केलीत ते सांगू का? चामडं कोरडं पडलं होतं, कोपरापाशी भेगा होत्या. मी म्हटलं, चांभाराला विचारू. तुम्ही म्हणालात, कातडं ते कातडं, माझ्या टाचेला खोबरेल चालतं तर याला का नाही? अर्धी बाटली चोळलीत आणि कोट उन्हात टांगलात. संध्याकाळी त्याच्यावर मुंग्यांची रांग. तुमचे भाऊ दारातच थांबले आणि म्हणाले, "अक्का, आता याला फोडणी तेवढी दे." तुम्ही दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाहीत. मी डाळीचं पीठ लावून लावून तेल सुकवलं, कोरड्या फडक्याने पुसलं. वास शेवटपर्यंत गेला नाही. अजूनही जवळ गेलं की खोबरेलाचा वास येतो. आता तो जाऊ नये असं वाटतं.

आतलं अस्तर फाटलं होतं. मी बाईंच्याच ढिगातली मोरपंखी साडी घेतली, पदराजवळ विरलेली होती, एरवी विकली गेलीच नसती. मशीनवर घालायची छाती झाली नाही. चामड्यात सुई एकदा गेली की भोक कायमचं. म्हणून चांभाराकडून जाड सुई आणली आणि जुन्याच भोकांतून एकेक टाका हाताने घातला. तुम्ही भाजी निवडत समोर बसायचात. मधेच म्हणायचात, "हळू. त्याला दुखेल." मी जन्मात जे काही शिवलं त्यात ते अस्तर सगळ्यात चांगलं झालं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नसतं. तुम्ही भेटेल त्याला कोट उघडून अस्तर दाखवायचात. बाहेरून कोणीही बघतं, माझ्या भावजयीचं काम आत आहे, म्हणायचात. मी तिथून उठून जायचे. पण दाराआड उभी राहून ऐकायचे, हे तुम्हाला माहीत नव्हतं. की होतं?

आणि मग थंडीतल्या त्या रविवारी तुम्ही जुन्या बाजारात निघालात, नऊवारीवर तो कोट घालून, बटण लावून. मी म्हटलं, "वन्सं, गाठोड्यातलं."

"हे टाकलेलं नाही. कढई देऊन घेतलंय. वर डबा दिलाय."

"सगळंच आपण काहीतरी देऊन घेतो."

"मग नियम चुकला असेल."

हा वाद आपला तिथेच राहिला. पुढे मी दोनदा काढला, दोन्ही वेळा तुम्हाला काहीतरी काम आठवलं. आपण मागत नाही, बदलून घेतो, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. मग इतकी वर्षं आपण ते कपडे घालायला का भ्यायलो? उत्तर तुमच्याजवळ होतं की नव्हतं, आता कळणार नाही. पण तो कोट घालून तुम्ही कशा चाललात ते मी बघितलं आहे, आणि मला तेवढं पुरतं.

बाजारात सगळे बघत होते. कुलपं विकणारा गफूरभाई ओरडला, "अक्का, वरात कोणाची?"

"तुझ्या दुसऱ्या लग्नाची," तुम्ही म्हणालात, चाल न मोडता. "पहिलीला विचारून ये."

त्याच दिवशी तन्वी आली. केस आखूड कापलेली, खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी. हल्ली लग्नाआधी मुलंमुली सजून फोटो काढून घेतात, ते काम ती करते. ती कपडे बघायचं सोडून तुमच्याकडेच बघत राहिली. "आजी, कॉलर जरा बघू? मागचं लेबल?" तुम्ही मान वाकवलीत, तिने वाचलं आणि तिचा चेहराच बदलला. "ओ माय गॉड. आजी, हे व्हिंटेज आहे. ओरिजिनल. असा पीस आता मिळत नाही. मला विकत देता? सिरियसली विचारतेय."

"नाही."

"किंमत तरी ऐका ना."

"ऐकली की मोह होतो. फोटोपुरता हवा असेल तर भाड्याने ने. भाडं माझी भावजय सांगेल."

मी गाठोड्याच्या मागे शर्टांच्या घड्या घालत होते. तुम्ही मुद्दाम केलंत ते. तन्वी वाकून माझ्याकडे बघतेय, तुम्ही आकाशाकडे बघताय, गफूरभाईसुद्धा थांबलाय. शेवटी माझ्या तोंडून एक आकडा बाहेर पडला. तन्वी लगेच हो म्हणाली. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "कमी सांगितलास." थोड्या वेळाने म्हणालात, "पण बोललीस."

मग कोट कामाला लागला. नवऱ्या मुली तो घालून किल्ल्यावर, तळ्याकाठी, कुठेकुठे उभ्या राहिल्या. तन्वी फोनवर फोटो दाखवायची. एकदा तुम्ही बराच वेळ एक फोटो बघितलात आणि म्हणालात, "हिला सांग, हा कोट खांदे पाडून घालायचा नाही." तन्वी म्हणाली, "आजी, तुम्हीच या ना पोझ शिकवायला." तुम्ही खरंच गेलात. आल्यावर म्हणालात, पोरी चांगल्या आहेत, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

भाड्याच्या पैशाला तुम्ही हात लावला नाहीत. आणि एक दिवस मला न विचारता तुम्ही भिशीची पहिली उचल मागितलीत. गल्लीतल्या बायका दर महिन्याला शेवंताबाईंकडे सारखे पैसे टाकतात आणि जमलेली सगळी रक्कम एकीला मिळते. जी पहिली उचलते तिला शेवटच्या बाईचा नंबर येईपर्यंत दर महिन्याला भरत राहावं लागतं. तुम्हाला ती माझ्यासाठी हवी होती. जिन्याखालच्या जागेचं डिपॉझिट आणि पिको-फॉलचं मशीन. मी तिथे कोपऱ्यात बसले होते आणि जमिनीत जाता आलं असतं तर गेले असते.

शेवंताबाई म्हणाल्या, "अक्का, राग मानू नका. पण तुमच्या वयाच्या बाईला पहिली उचल द्यायची म्हणजे... मागे कोण भरणार?"

"मी मेले तर हा कोट विका. ती फोटोवाली कधीची मागतेय."

सगळ्या हसल्या. हसणं थांबेपर्यंत तुम्ही थांबलात. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "पण विकायची वेळ यायची नाही. ही भरेल."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याबद्दल असं कोणी कधी बोललं नव्हतं, वन्सं. माझ्या आईनेही नाही. ती म्हणायची, सुमन गरीब आहे, कोणाला उलट बोलत नाही. ते कौतुकच होतं. पण त्याने कोणाला उचल मिळत नाही.

त्या दिवशी उचल मिळाली. जिन्याखाली आता माझ्या दुकानाची पाटी आहे. तिच्यावरचं अक्षर तरी बरं आहे, कारण ते पेंटरने काढलंय. तुम्ही स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कोट उघडून अस्तर दाखवायचात आणि मी मशीनवर मान खाली घालून बसायचे. माझं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही रस्त्यावरून धरून आणलं होतं. बिचारी पत्ता विचारत होती.

म्हणूनच तुम्ही कोट विकून टाक म्हणालात तेव्हा मला लागलं. थोडेच हप्ते राहिले होते. पण लग्नसराई नव्हती, दुकानात काम कमी होतं आणि तुमच्या औषधांना मी खर्च करत होते, हे तुम्ही बघत होतात. तुम्हाला माझी काळजी होती, एवढं मला कळतं. तरी अंथरुणाशी बसून मी मनात भांडत होते. आधी सगळ्यांसमोर म्हणालात, ही भरेल. आता हळूच म्हणता, विक. दोन्ही तुमचेच शब्द. कोणता ऐकू? तुम्ही माझा हात धरला होता आणि विचारता आलं नाही.

तेरावं झालं आणि शेवंताबाई दोघींना घेऊन आल्या. त्या वाईट नाहीत, वन्सं. तुमच्यासाठी रडल्या. मग म्हणाल्या, "सुमन, अक्का म्हणाल्या होत्या तसंच करू या. तो कोट देऊन टाक या मुलीला. तूही मोकळी, आम्हीही." तन्वीही भेटायला आली होती, डोळे पुसत बसली होती. ती म्हणाली, "काकू, मी चांगली किंमत देईन. आणि खूप जपेन, प्रॉमिस."

मी गप्प. माझं गप्प बसणं म्हणजे हो, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. शेवंताबाई उठल्या. चप्पल पायात घालत होत्या तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "नाही."

"काय गं?"

"कोट विकायचा नाही. मी भरते."

"केव्हा?"

"भिशीच्या दिवशी. नेहमीसारखे."

शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कोटाकडे. "बरं," म्हणाल्या. एवढंच.

तुम्ही ऐकायला असतात तर विचारलं असतंत, का? तर हे कारण. कोट विकून फेडलं असतं तर पैसे कोटाने फेडले असते. लोक म्हणाले असते, म्हातारी हुशार, वस्तू ठेवून गेली. आणि तुम्ही जे बोट दाखवलं होतं ते खोटं पडलं असतं. तुमचं पहिलं बोलणं मी खरं धरलं. दुसरं सोडून दिलं. यासाठी माफी मागणार नाही.

बायका गेल्यावर तन्वीला म्हटलं, "भाड्याने न्यायचा असेल तर ने. पण भाडं वाढलंय."

"किती, काकू?"

मी सांगितलं. तिने जरा डोळे मोठे केले, मग म्हणाली, "ओके." म्हणजे पुन्हा कमीच सांगितलं असणार.

मग तुळशीचं लग्न लागलं आणि दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. फॉल, पिको, ब्लाउजच्या बाह्या सैल करणं, घट्ट करणं. कोट तन्वीकडे जायचा आणि यायचा. दर वेळी आला की मी आधी आतलं अस्तर तपासायचे. एक टाका निघालेला नाही.

काल भिशी होती, शेवटचा नंबर. दुपारी मी दुकानाचं शटर ओढलं, घरी आले, हातपाय धुतले, तुमच्या फोटोला सांगितलं आणि खिळ्यावरून कोट काढला. साडीवर चढवला. मला जरा मोठा होतो, तुमचे खांदे रुंद होते. बटण लावलं. आरशात बघितलं असतं तर गेलेच नसते, म्हणून बघितलं नाही.

गल्लीत पोरं खेळत होती. एक जण ओरडला, "काकू, बँड आणलाय का?" तुम्ही काय म्हणाला असतात ते मला सुचलं नाही. मी फक्त खांदे पडू दिले नाहीत आणि चालत राहिले. नळाच्या कोपऱ्यापासून शेवंताबाईंच्या दारापर्यंत माणसं बघत होती. बघू दे म्हटलं. कढई देऊन घेतलाय. वर डबा दिलाय.

आत सगळ्या बसल्या होत्या. मला बघून बोलणं थांबलं. मी शेवंताबाईंच्या पुढे पैसे ठेवले. "मोजून घ्या."

त्यांनी मोजले. "पूर्ण आहेत," हळूच म्हणाल्या आणि पिशवीत ठेवायला लागल्या.

"मोठ्याने म्हणा," मी म्हटलं.

"अं?"

"सगळ्यांनी ऐकलं होतं ना, कोण भरणार ते? आता हेही सगळ्यांना ऐकू दे."

शेवंताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग ताठ बसल्या आणि दाराबाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अक्कांचे पैसे पूर्ण फिटले. सुमनने भरले."